विकून द्यावं की तसंच द्यावं?

डिसेंबर २०१२मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी फेसबुकचे १ कोटी ८० लाख शेअर सिलिकॉन व्हॅली कम्युनिटी फाउंडेशनला दिले. त्या वेळच्या भावाने ते ५० कोटी डॉलरच्या आसपास भरत होते. शेअर विकून चेक फाडला असता तर आधी नफ्यावर कर भरावा लागला असता. शेअर जसेच्या तसे दिल्यामुळे ती वेळच आली नाही.

हा मार्ग फक्त अब्जाधीशांचा नाही. समजा, न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी जोडप्याने १० हजार डॉलरला घेतलेले शेअर आज ५० हजारांचे झाले आहेत. विकले, तर ४० हजारांच्या नफ्यावर १५ टक्क्यांनी ६ हजार डॉलर केंद्रीय कर जाईल आणि धर्मादाय संस्थेच्या हाती ४४ हजार पडतील. तेच शेअर थेट संस्थेच्या खात्यात वळते केले, तर तिला पूर्ण ५० हजार मिळतात, कारण ती करमुक्त असते. शिवाय जोडप्याला वजावट मिळते तीही मूळ खरेदीच्या १० हजारांची नव्हे, बाजारभावाची. ज्या नफ्यावर कधी करच भरला नाही, त्याचीही वजावट!

अटी आहेतच. शेअर वर्षाहून अधिक काळ जवळ असावे लागतात. सार्वजनिक संस्थेला दिले तरी एका वर्षात उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते; उरलेली पुढच्या ५ वर्षांत घेता येते. तोट्यातले शेअर मात्र असे देऊ नयेत. ते आधी विकून तोटा विवरणपत्रात दाखवावा आणि मग पैसे द्यावेत. शिवाय २०१७च्या कायद्याने सरसकट वजावट जवळपास दुप्पट केल्यापासून दहातले नऊ करदाते दानाचा वेगळा हिशेब मांडतच नाहीत. त्यांना बाजारभावाच्या वजावटीचा काही उपयोग नाही. नफ्यावरचा कर तेवढा वाचतो.

वॉरन बफे यांचं उदाहरण याहून वेगळं. २००६पासून ते आपल्या बर्कशायर कंपनीचे शेअर वाटत आले आहेत. २०२१मध्ये त्यांनीच सांगितलं की तोवरच्या ४१ अब्ज डॉलरच्या दानात दर हजार डॉलरमागे त्यांचा कर वाचला तो जेमतेम ४० सेंट. संपत्ती अफाट असली तरी वजावट बसवायला करपात्र उत्पन्नही तेवढं लागतं.

कलावंतांवर मात्र अमेरिकी करकायदा अन्याय करतो. चित्र विकत घेतलेल्या संग्राहकाने ते संग्रहालयाला दिलं, तर त्याला बाजारभावाची वजावट मिळू शकते. तेच चित्र चित्रकाराने स्वतः दिलं, तर फक्त रंग-कॅनव्हासच्या खर्चाची. १९६९च्या दुरुस्तीपासून हे असंच आहे. स्ट्राविन्स्कींसारख्या संगीतकाराने त्यानंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसला हस्तलिखितं देणं थांबवलं. सार्वजनिक ठेवा व्हायला हवा होता, तो असा हातचा गेला.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे दात्याच्या सल्ल्याने चालणारे निधी, डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड. झुकेरबर्ग यांचं दानही अशाच व्यवस्थेत गेलं. शेअर निधीत पडले की वजावट त्याच वर्षी मिळते, पण तिथून पैसा शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत कधी पोचावा याला कायद्याने मुदत घातलेली नाही. सवलतीचा भार सरकारी तिजोरी, म्हणजे सारेच करदाते, आजच उचलतात. म्हणून ही मुदत असायलाच हवी.

वजावटीसाठी संस्था अमेरिकेत नोंदलेली असावी लागते. साताऱ्यातल्या ट्रस्टला परस्पर दिलेलं दान तिथे चालत नाही. म्हणूनच १९७८पासून तिकडे काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांचं मोल मोठं.

भारतात चित्र निराळं आहे. इथे व्यक्तीने ट्रस्टला शेअर भेट दिले, तर नफ्यावर कर लागत नाही. पण दानाची वजावट मिळते ती पैशाच्या रूपात दिलं तरच, आणि तीही जुन्या करप्रणालीत. वजावट हवी असेल, तर पुण्यातल्या दात्याला शेअर आधी विकावे लागतात, वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर भरावा लागतो आणि मगच चेक लिहावा लागतो.