नवे पक्षी आणि जुने खुराडे

खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबात परसातील कोंबड्या ही बहुधा गृहिणीची ठेव असते. अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या येतात, आजाऱ्याचे औषध येते, सणाला पाहुण्यांची सोय होते. आपल्या वडगाव परिसरातील अशा घरी झाबुआकडील काळी कडकनाथ, बंगळूरच्या कृषी विद्यापीठात सिद्ध झालेली गिरिराज, किंवा नाताळासाठी टर्कीची पिले आणावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात गैर काही नाही. मात्र नव्याच्या हौसेपायी जुनी ठेव गमावू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि गोव्यातही तेच नाव रूढ झाले. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून नेलेला हा पक्षी पाहून जहांगीर बादशहा चकित झाला व त्याने त्याचे चित्र काढविले. मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. बादशहाला हा पक्षी केवळ पाहावयाचा होता. आपणांस तो कोंबड्यांच्या शेजारी जगवावयाचा आहे, आणि अडचण तेथेच आहे.

कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून एका रोगाचे सूक्ष्म जीव जमिनीत उतरतात व तेथे वर्षानुवर्षे टिकतात. कोंबडीला त्यांचा त्रास सहसा जाणवत नाही. टर्कीचे मात्र आतडे व यकृत नासते, पिवळी हगवण लागते आणि पिले पटापट मरतात. म्हणून ज्या परसात कोंबड्या चरल्या, तेथे टर्की सोडू नये. तिला वेगळी जागा, वेगळी भांडी हवीत. खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी बसविण्याचा मोहही टाळावा. कोंबडीची पिले २१ दिवसांत निघतात, टर्कीची २८ दिवसांत; शिवाय पालक आईच रोग देऊन जाते.

टर्कीची पिले पहिल्या आठवड्यात फार नाजूक असतात. त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. दिव्याखाली कोरड्या भुशावर ठेवावीत. समोरचे दाणापाणीही त्यांना उमगत नाही. चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवावी, दाण्यात रंगीत गोट्या ठेवाव्यात.

नवीन कोंबड्यांनाही तीन-चार आठवडे दूर ठेवावे. मानमोडीचा रोग बाजारातूनच घरी येतो. दाणा आधी घरच्या पक्ष्यांना, मग नव्यांना घालावा आणि हात धुवावेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लस टोचून घ्यावी. पुढे आठवडाभर जाळीआडून ओळख होऊ द्यावी व रात्री खुराड्यात सोडावे. एकटादुकटा वेगळा दिसणारा पक्षी आणू नये. बाकीचे त्याला टोचून हैराण करतात. दोघे-तिघे असले म्हणजे निभावते.

जेरुसलेमविषयीची आपली कळकळ सांगताना प्रभू येशूने पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला. ती माया आंधळी नसते. घार दिसताच ती सावध होते. नव्या जीवाचे स्वागत जरूर करावे, परंतु आधीपासून पंखाखाली असलेल्यांचे रक्षण करूनच. गृहिणींनी पिले विकत घेण्यापूर्वी त्यांची जागा तयार करावी.