पानिपतची तलवार आणि मोडीत निघालेले घंगाळ

पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब हे स्थळ आहे. विटांचा एक स्तंभ, त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा आणि भोवती कुंपण, एवढेच येथील मूळ स्मारक. १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामात सांडलेल्या रक्ताने येथील आम्रवृक्ष काळा पडला, अशी आख्यायिका आहे. वृक्ष कालांतराने वठला आणि त्याच्या लाकडाचे दरवाजे घडविण्यात आले, असेही सांगतात. ज्या लाकडाची वंशावळ ठाऊक आहे, ते अमूल्य. तेवढेच जुने, तसेच काळे, परंतु ज्याचे मूळ कोणास ठाऊक नाही असे लाकूड मात्र वखारीत मणाच्या भावाने जाते. जुन्या वस्तूंच्या बाजाराचे सारे अर्थशास्त्र या एका फरकात सामावलेले आहे.

काला अंबला येणारा मराठी माणूस स्तंभापुढे नतमस्तक होतो, आणि परतताना ‘त्या’ काळाची एखादी खूण घरी न्यावी, असे त्याला वाटून जाते. ही भावना विक्रेते चांगली ओळखतात. दिल्लीचे सुंदर नगर, मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट किंवा पुण्याचा जुना बाजार, कोठेही जा. ‘नुकताच आलेला माल’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वस्तूंत खरोखर जुने किती आणि जुने भासविलेले किती, हे पारखणे सोपे नाही. पितळी दुर्बिणी आणि जहाजांची होकायंत्रे आजही रुरकीत नव्याने तयार होतात. ग्रामोफोनचा चकचकीत कर्णा तर बहुधा यंत्रापेक्षा वयाने पुष्कळच लहान असतो.

नाण्यांच्या बाबतीत फसगत अधिक. एका बाजूस रामदरबार वा हनुमान, दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा’ आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असे सन, ही नाणी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. साऱ्या मुलुखासाठी कंपनीची एकसारखी नाणी निघाली ती १८३५ पासून. याउलट ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई दिसायला ओबडधोबड, पण अस्सल. पेशवाईतील अंकुशी रुपयावर तर फारसीत मोगल बादशहाचे नाव असते. ‘हे मराठ्यांचे कसे?’ म्हणून ग्राहक तो बाजूस सारतो आणि देवाची मूर्ती असलेले नाणे आनंदाने विकत घेतो!

‘पानिपतच्या शेतात नांगरताना सापडलेली तलवार’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य. ते खोटे असेल तर प्रश्नच मिटला. खरे असेल तर अडचण मोठी. कारण १८७८ च्या भूमिगत धनासंबंधीच्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली व दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे अशी वस्तू पाठविण्याचा विचारही मनात आणू नये. महत्त्वाची हस्तलिखिते तर पंचाहत्तर वर्षांतच या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून खरेदी करताना परवाना पाहावा व वस्तूचे वर्णन असलेली पावती घ्यावी. जुन्या नोटा-नाण्यांसाठी लाखो रुपये देऊ, आधी कर वा दलाली भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावे सांगणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेने २०२१ मध्ये दिलेलाच आहे.

येथवर खरेदीची बाजू झाली. माझ्या मते अधिक नुकसान विक्रीच्या बाजूने होते, आणि ते आपल्याच माजघरात होते. आजीचे तांब्याचे घंगाळ, पाणी तापविण्याचा बंब, पितळी समई आपण वजनावर मोडीत देतो. घंगाळावर तांबटाने हाताने केलेल्या मठारकामाचे ठोके किंचित असमान असतात, बूड फरशीवर घासून झिजलेले असते, कड्या हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या असतात. या खुणांचे मोल मोडीच्या तराजूला कळत नाही. बँकेचा काटाही याला अपवाद नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुवर्णतारण कर्जात दागिन्यातील सोन्याचेच मोल धरले जाते. घडणावळीचे आणि वयाचे नाही. घराच्या विम्यातही दुर्मिळ वस्तू स्वतंत्रपणे नोंदविल्याखेरीज साधारणतः धरल्या जात नाहीत.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी अडकित्ते, दौती, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तू आयुष्यभर हिंडून जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावे संग्रहालय उभारले. तेथील एखादा अडकित्ता पाहताना वाटते, असाच आपल्याही घरी होता. तो कोठे गेला?

जो अजून घरात असेल, त्याचे छायाचित्र काढावे. तो कोणी, कोणत्या गावी, कोणत्या सुमारास वापरला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे आणि खाली त्यांची सही व तारीख घ्यावी. कागद वस्तूपासून दूर करू नये. दोन्ही लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर लॉकरचे नामनिर्देशन झाले आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.