पाट्या वर करा! : फळा आणि स्वाध्याय यांच्या मधली पायरी

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की अगदी नवी गोष्ट शिकताना मूल एका वेळी मनात फार थोडं धरू शकतं, साधारण तीन-चार गोष्टी. आज या मर्यादेचा वर्गात काय परिणाम होतो ते बघू. उदाहरण एकच घेऊ, इयत्ता दुसरीतलं : ५२ वजा २७.

ही वजाबाकी दिली की काही पाट्यांवर हमखास ३५ उमटतं. पाचातून दोन गेले, उरले तीन; सातातून दोन गेले, उरले पाच. मुलाने निष्काळजीपणा केला म्हणून हे उत्तर आलेलं नाही. आतापर्यंत त्याने बिनहातच्याच्या वजाबाक्या केल्या, आणि त्यांत वरचा अंक कधीच लहान नव्हता. त्यावरून मुलाने आपल्यापुरता नियम बांधला : मोठ्यातून लहान काढायचा. अमेरिकेतले जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवलं. मुलांच्या वजाबाकीतल्या पुष्कळ चुका पद्धतशीर असतात. मूल एक नियम इमानेइतबारे पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. अशा मुलाला ‘नीट लक्ष दे’ सांगून काही उपयोग नाही. त्याने लक्ष दिलेलंच आहे.

सुस्पष्ट अध्यापनाची पद्धत साधारणपणे तीन पायऱ्यांत सांगितली जाते : मी करते, आपण करू, तुम्ही करा. पहिल्या पायरीवर बाई गणित सोडवतात, आणि सोडवताना मनात चाललेला विचार मोठ्याने बोलतात. “मला सात काढायचेत. माझ्याकडे सुटे किती? दोन. दोनातून सात निघत नाहीत. मग मी काय करू? माझ्याकडे दशकाचे पाच दांडे आहेत. त्यातला एक सुटा करते. आता दांडे राहिले चार आणि सुटे झाले बारा. बावन्न कमी झाले का? नाही. चार दशक आणि बारा एकक, म्हणजे बावन्नच.” हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. पाच खोडून चार लिहिणं सगळेच दाखवतात. संख्या तेवढीच राहिली, फक्त तिची मांडणी बदलली, हे मोठ्याने सांगायचं मात्र राहून जातं. ज्याला वजाबाकी येते त्याच्या मनात हा विचार क्षणात होऊन जातो, म्हणूनच तो मुद्दाम बोलून दाखवावा लागतो.

आपल्याकडे बहुतेक वेळा यानंतर थेट स्वाध्याय येतो. फळ्यावर एक-दोन उदाहरणं होतात, ‘समजलं का?’ विचारलं जातं, ‘हो बाई’ असा एकमुखी गजर होतो आणि पुस्तकातली गणितं वहीत सुरू होतात. ज्याच्या डोक्यात ‘मोठ्यातून लहान’ बसलंय, तो तीच चूक दहा वेळा गिरवून पक्की करतो. वह्या तपासून परत मिळेपर्यंत दोन दिवस जातात. माझ्या मते आपल्या वर्गांतली सर्वांत मोठी गळती इथे, या वगळलेल्या मधल्या पायरीत आहे.

मधली पायरी म्हणजे काय? बाई दुसरं उदाहरण देतात आणि त्याचा एकच टप्पा विचारतात. ६३ वजा ३८. अजून सोडवायचं नाही, एवढंच सांगायचं : दशक सुटा करावा लागेल का? विचार करायला थोडा वेळ. मग ‘पाट्या वर करा!’ चाळीस पाट्या एकदम वर येतात आणि कोण अडलंय ते बाईंना त्याच क्षणी दिसतं. हात वर करणारी ठरावीक पाच-सहा मुलं पूर्ण वर्गाच्या वतीने उत्तर देतात, ती सोय इथे उरत नाही. पाटीइतकं स्वस्त आणि चोख साधन आपल्या हाताशी असताना आपण ते पहिलीतली अक्षरं गिरवण्यापुरतं ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

इथेच ५७ वजा २२ आणि ५२ वजा २७ शेजारी शेजारी मांडावेत. अंक तेच, फक्त एककाच्या घरातल्या दोन आणि सातांची अदलाबदल झाली. कुठे दशक सुटा करायचा, कुठे नाही आणि का, एवढंच विचारायचं. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून ‘डायरेक्ट इन्स्ट्रक्शन’चे पाठ रचणारे सीगफ्रीड एंगलमन अशा जोड्यांवर फार भर देत : दोन उदाहरणं जवळजवळ सारखी ठेवायची आणि बदल नेमका महत्त्वाच्या जागी करायचा. नाहीतर मुलं उलट टोकाला जातात आणि गरज नसतानाही प्रत्येक वेळी दशक सुटा करू लागतात.

पण एवढं सगळं तासिकेत बसतं का? इलिनॉय विद्यापीठातले बराक रोझेनशाइन यांनी २०१२ साली अध्यापनाची दहा तत्त्वं मांडली, त्या लेखात एका निरीक्षणाचा उल्लेख आहे. गणिताचे अधिक यशस्वी शिक्षक चाळीस मिनिटांतली सुमारे २३ मिनिटं समजावणं, करून दाखवणं आणि प्रश्न विचारणं यांत घालवत. सर्वांत कमी यशस्वी शिक्षक केवळ ११. उरलेला वेळ मुलं एकटी गणितं सोडवत. सरावाच्या वेळी साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यावीत, असंही ते सुचवतात. पाट्यांवर याहून बरीच कमी उत्तरं बरोबर दिसली, तर स्वाध्याय पुढे ढकलावा, दांडे आणि सुटे पुन्हा बाहेर काढावेत.

ज्ञानरचनावादाचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना यात जुन्या खडू-फळ्याची चाहूल लागेल. ही शंका मी गांभीर्याने घेते. मूल स्वतः अर्थ लावतं हे खरंच आहे, आणि ३५ हे उत्तर त्याचाच पुरावा आहे. मुलाने अर्थ लावला, पण चुकीचा लावला. तो वेळेवर बाईंच्या नजरेस पडावा, यासाठीच पाट्यांची ही धडपड. शिवाय मूल तरबेज झालं की इतकं बारीक मार्गदर्शन अडथळा ठरू लागतं, हेही संशोधनातून पुढे आलं आहे. ज्याला पद्धत कळली त्याला पुन्हा प्रत्येक टप्पा बोलायला लावू नये. त्याला स्वतः गणितं रचू द्यावीत.

हा आधार नेमका केव्हा आणि किती काढायचा, ते पुढच्या भागात पाहू. त्यासाठी उदाहरण घेऊ ४०३ वजा १२८. सुटं करायला दशकाच्या घरात काहीच नाही, आणि दुसरीत पक्की झालेली मुलंसुद्धा या शून्यापाशी थबकतात.