मान्सून अंदमानात आला, म्हणजे कुठे आला?

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वर्तमानपत्रात बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. युसूफ वडगावसारख्या गावात पेरणीचा हिशेब जूनच्या पावसावर मांडला जातो. तिथे ही बातमी आवर्जून वाचली जाते. पण अंदमान आहे तरी कुठे? नकाशावरचे ठिपके इतके बारीक असतात, की अंतराचा अंदाज येत नाही.

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत सुमारे १३५० कि.मी. दूर आहे. उलट, उत्तर टोकापासून म्यानमारची कोको बेटे ५० कि.मी.च्या आत आहेत आणि दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा सुमारे २०० कि.मी.वर. बेटांची माळ दक्षिणोत्तर पावणेआठशे कि.मी. पसरली आहे. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये 'दहा अंश खाडी' आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौ.कि.मी., म्हणजे बीड जिल्ह्यापेक्षा कमीच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. बीड जिल्ह्याची सुमारे २५ लाख ८५ हजार.

ही बेटे म्हणजे समुद्रात बुडालेल्या पर्वतरांगेची शिखरे. म्यानमारमधील अराकान योमा हीच रांग पाण्याखालून पुढे जाते. येथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. म्हणूनच भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी येथे, बॅरन बेटावर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली, तर उत्तर अंदमानात काही ठिकाणी प्रवाळ पाण्याबाहेर उचलले गेले.

मराठी माणसाला अंदमान आठवते ते 'काळे पाणी' म्हणून. इंग्रजांनी १८५८ मध्ये येथे कैद्यांची वसाहत उभारली. १९०६ मध्ये सेल्युलर जेल पूर्ण झाले आणि १९११ मध्ये वि. दा. सावरकरांना तेथे नेण्यात आले. निकोबारवर आधी डेन्मार्कचा दावा होता. तो १८६८ मध्ये इंग्रजांकडे आला. १९४२ ते १९४५ बेटे जपानच्या ताब्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा केंद्रशासित प्रदेश आहे. येथे विधानसभा नाही. लोकसभेत एक खासदार जातो. पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

भारतीयांना अंदमानला जाण्यासाठी पासपोर्ट वा व्हिसा लागत नाही. चेन्नई, कोलकात्याहून विमाने आहेत. जहाजाला साधारण तीन-चार दिवस लागतात. निकोबारसाठी मात्र वेगळा परवाना लागतो, आणि उत्तर सेंटिनेल बेटाजवळ जाण्यास पूर्ण बंदी आहे. बाहेरच्यांचे साधे आजारही तेथील आदिवासींच्या जिवावर बेतू शकतात.

आता पुन्हा पावसाकडे. मान्सून अंदमानात लवकर पोचला, म्हणून तो केरळात किंवा मराठवाड्यात लवकर येईलच असे नाही. मधल्या वाटेवर वाऱ्यांची स्थिती बदलत असते. तेव्हा ही बातमी वाचून पेरणीची तारीख ठरवू नये.

वर्गात एक गणित जरूर करून घ्या. युसूफ वडगाव सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर सुमारे ९२.७ अंशावर. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. घड्याळ दोन्हीकडे एकच, मग तिथे डोक्यावर आलेला सूर्य आपल्याकडे किती वेळाने येईल? उत्तर येते सुमारे ६७ मिनिटे.