वसतिगृह : केवळ छप्पर नव्हे

जून उजाडला की जव्हार, मोखाडा, तलासरी येथील आदिवासी पाड्यांवरची मुले पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहांत दाखल होतात. पहिले काही आठवडे कठीण असतात. घरची बोली वारली, शाळेची प्रमाण मराठी. रात्री दिवे मालवले की घर आठवते. या काळात मुलाला कोणी आपले मानले नाही, तर सणासुदीला घरी गेलेले मूल परतत नाही आणि त्याचे शिक्षण तेथेच थांबते.

१८४७ साली इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांच्या दारी पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा आला. त्यांच्या मातोश्री मार्गारेटा यांनी त्याला जेवू घातले, स्वयंपाकघरात अंथरूण दिले आणि झोपण्यापूर्वी त्याच्याशी प्रेमाचे दोन शब्द बोलल्या. सालेशियन संस्थांतील 'शुभ रात्री'च्या प्रथेचे मूळ या प्रसंगात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले.

वसतिगृहाला शिस्त व वेळापत्रक हवेच. पण त्यांनी घर होत नाही. प्रत्येक नवागताचा हात एका मोठ्या मुलाच्या हाती द्यावा, अधीक्षकांनी मुलांच्या पंगतीत जेवावे आणि रात्री प्रत्येकाला नावाने हाक मारावी, असे आम्हांला वाटते. परक्याचा स्वीकार हा प्रभूचाच स्वीकार होय, ही आपली श्रद्धा आहे. ती तेथे, दिवे मालवण्याच्या वेळी, कसोटीला लागते.