संगणकशास्त्र की लष्कर? दोन्हींचा पाया गणितच

सिंदेवाही : बारावीनंतर संगणकशास्त्र घ्यावे की लष्करात जावे, असा प्रश्न सिंदेवाहीसारख्या जंगलाने वेढलेल्या तालुक्यातील अनेक विद्यार्थ्यांना पडतो. प्रत्यक्षात या दोन वाटा परस्परविरोधी नाहीत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाबरोबरच संगणकशास्त्रातील बीएस्सी करता येते. ही पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते.

संगणकशास्त्राचा सैद्धान्तिक भाग यंत्रापेक्षा तर्कावर उभा आहे. हजार नावांच्या अकारविल्हे यादीत एक नाव शोधताना दर वेळी निम्मी यादी बाद केली, तर दहा पायऱ्यांत काम होते. हे सिद्ध करण्यास संगणक नव्हे, कागद आणि पेन्सिल पुरते.

प्रबोधिनीच्या ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत ३०० गुण गणिताचे असतात. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित अनिवार्य आहे. २०२२ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला आहे.

ही संधी हुकली तरी मार्ग बंद होत नाही. पदवीला किमान ५० टक्के गुण आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत असल्यास भूदलाच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षा नसते. अर्जांच्या छाननीनंतर उमेदवारांना थेट सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीस बोलावले जाते.

म्हणूनच अकरावीत अवघड वाटते म्हणून गणित सोडण्यापूर्वी विद्यार्थी व पालकांनी पुन्हा विचार करावा. महाविद्यालय निवडताना तेथे एनसीसीची तुकडी आहे का, याचीही चौकशी करावी.