रिकामी खुर्ची आणि दवनीवाड्याचा अर्ज

दिवाळीच्या सुमारास दवनीवाड्याच्या शिवारात हलका धान कापून झालेला असतो आणि भारी धान अजून बांधीत उभा असतो. गावात बोलणे एकाच विषयावर चालते. खरेदी केंद्र कधी सुरू होणार, बारदाना आला का, सातबारा ऑनलाइन चढला का, मागच्या हंगामाचा बोनस खात्यात पडला का. गोंदिया तालुक्यातल्या या गावात पोलीस ठाणे आहे, ग्रामपंचायत आहे, पण या दिवसांत सरकार म्हणजे खरेदी केंद्रावरचा काटा. त्या काट्यावर प्रत्येक कट्ट्यामागे थोडे जास्तीचे वजन घेतले जात आहे, असे एखाद्या शेतकऱ्याला वाटले, तर त्याने जायचे कुठे? हा लेख त्या प्रश्नामागे जातो.

समजा त्याने तहसील कार्यालयात तक्रार दिली, मग जिल्हाधिकारी कार्यालयात दिली, आणि पोच सोडून काही हाती लागले नाही. मग कोणीतरी सांगते, माहितीचा अधिकार टाक. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून तो अर्ज करतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. तीस दिवस थांबायचे. उत्तर आले नाही तर वीस रुपयांचे स्टॅम्प लावून पहिले अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही निकाल मनाजोगा नसला तर नव्वद दिवसांत दुसरे अपील, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. इथवर कायदा त्याच्या बरोबर चालतो. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण हा दंड करायला खुर्चीत आयुक्त बसलेला लागतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तुंबलेल्या अपिलांची आणि तक्रारींची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की माहिती आयुक्तांची पदे भरली नाहीत तर हा कायदा निर्जीव होईल. त्याआधी, १५ फेब्रुवारी २०१९ रोजी अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर याच न्यायालयाने पद रिकामे होण्याआधीच निवडीची प्रक्रिया सुरू करा असे सांगितले होते.

पहारेकऱ्याला मारायचे तर त्याच्यावर हल्ला करावा लागत नाही. त्याची नेमणूक लांबवली की पुरते. त्यामुळे माहिती आयोगासारख्या, सरकारवर पहारा देणाऱ्या संस्थांचे स्वातंत्र्य मोजताना मी भाषणे किंवा बोधवाक्ये पाहत नाही. कायद्यातली चार-पाच कलमे पाहतो. नेमणूक कोण करतो, किती दिवसांत करतो? काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पगार आणि मुदत कोण ठरवतो? चौकशीला माणसे कोणाची? आणि चौकशी सुरू करण्यासाठी परवानगी कोणाची?

माहिती अधिकाराच्या २००५ च्या मूळ कायद्यात आयुक्तांची मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी कायद्यातच लिहिलेली होती. राज्याच्या मुख्य माहिती आयुक्तांचा पगार निवडणूक आयुक्तांच्या पगाराशी बांधलेला होता. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत आणि पगार दोन्ही केंद्र सरकारच्या नियमांवर सोपवले आणि नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. आज नियम तीन वर्षे म्हणतात, उद्या बदलता येतील, आणि त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणावे लागणार नाही. राज्याच्या आयुक्ताची मुदतही आता दिल्ली ठरवते. ज्या सरकारकडून माहिती काढून द्यायची, त्याच्याच हातात आपली मुदत आहे हे जाणणारा आयुक्त किती कठोर होईल, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करायला हवा होता.

आता दुसरे दार. दवनीवाड्यातला माणूस लोकायुक्तांकडे जाऊ शकतो. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा, कारण लोकायुक्त ही संस्था प्रत्यक्ष उभी करणारे हे देशातले पहिले राज्य. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल आणि लोकायुक्तांची शिफारस केली. आपल्याकडे १९७१ चा महाराष्ट्र लोकायुक्त आणि उपलोकायुक्त अधिनियम आला आणि १९७२ मध्ये काम सुरू झाले. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. दवनीवाडा भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. मंत्री आणि सचिवांविरुद्धच्या तक्रारी लोकायुक्तांकडे, खालच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या उपलोकायुक्तांकडे. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर प्रतिज्ञापत्र जोडायचे. कार्यालय मुंबईत, मादाम कामा मार्गावर, मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचते. अंतर साडेनऊशे किलोमीटरांहून जास्त. टपालाने तक्रार देता येते हे खरे. पण ज्या कार्यालयातून सरकारवर नजर ठेवायची ते सरकारच्याच प्रशासन भवनात आहे, हे मला नेहमी खटकते.

त्या कायद्यात चांगले बरेच आहे. राज्यपाल नेमणूक करतात ती उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेत्यांशी सल्लामसलत करून. मुदत पाच वर्षांची. उणीव शेवटच्या पायरीवर आहे. चौकशी पूर्ण झाली, दोष आढळला, तरी लोकायुक्त फक्त शिफारस करतात. कारवाई करायची ती संबंधित खात्याने किंवा सरकारने. ती समाधानकारक झाली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, तो विधिमंडळापुढे, आणि पुढे काय ते विधिमंडळाच्या इच्छेवर. लोकायुक्तांच्या हुकमतीत स्वतंत्र पोलीस दल नाही. लाच मागणाऱ्याला रंगेहाथ पकडणारा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्याखाली. त्यात २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १७-अ कलमाने अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करण्यापूर्वी सरकारची मंजुरी बंधनकारक झाली.

स्वतंत्र पोलीस दलाने काय फरक पडतो ते कर्नाटकात दिसले. बेळगाव, निपाणीच्या मराठी माणसाला हा इतिहास जवळचा आहे. तिथल्या लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस होते. न्या. संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावरचा अहवाल जुलै २०११ मध्ये दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पायउतार व्हावे लागले. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या सरकारने वेगळा भ्रष्टाचारविरोधी विभाग काढला आणि लोकायुक्तांच्या पोलिसांचे अधिकार तिकडे वळवले. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द करून अधिकार परत दिले. लोकायुक्तांचे दात काढणे ही कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी नसते, हे यातून लक्षात घ्यावे.

आपल्या राज्यातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र राज्य निवडणूक आयोगाचा आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात आहे. मार्च २००८ मध्ये महाराष्ट्राचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना आयोगाच्या अधिकारांवरून झालेल्या वादात विधिमंडळाने विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेणारा घटनात्मक अधिकारी तुरुंगात गेला. संविधानाच्या २४३-ट अनुच्छेदाप्रमाणे त्यांना पदावरून दूर करायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्याइतकीच अवघड वाट आहे; नेमणुकीनंतर सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या करता येत नाहीत. पद सुरक्षित होते. माणूस नव्हता. विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि घटनात्मक पहारेकऱ्याचे संरक्षण यांची सीमारेषा कायद्याने स्पष्ट केलेली नाही, आणि त्या फटीतून ते दोन दिवस आले.

आणखी एक फट गोव्यात उघडी पडली. तिथे सरकारने आपल्या विधी सचिवांनाच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. पाच नगरपालिकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ मार्च २०२१ रोजी न्या. नरिमन, अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. हृषिकेश रॉय यांनी ही नेमणूक म्हणजे घटनेची थट्टा ठरवली आणि सरकारी सेवेतल्या कोणालाही हे पद देता येणार नाही, असे देशभरासाठी सांगितले. म्हणजे हे आयुक्तपद निर्माण करणाऱ्या, १९९३ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीतली त्रुटी बुजायला २०२१ उजाडले.

या निकालाला वर्ष पुरे होण्याआधीच महाराष्ट्रात काय झाले? स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाचा प्रश्न पेटला होता. गोंदिया जिल्हा परिषदेची निवडणूकच त्या वादात दोन तुकड्यांत झाली: २१ डिसेंबर २०२१ ला बहुतेक जागांसाठी आणि १८ जानेवारी २०२२ ला उरलेल्या जागांसाठी मतदान. पुढे मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतला. दोन्ही बाजूंचा पाठिंबा होता, कारण आरक्षणाशिवाय निवडणुका कोणालाच नको होत्या. मला त्या भावनेबद्दल आदर आहे. पण वॉर्डाच्या सीमा कुठून जातात यावर कोण निवडून येईल हे बरेचदा ठरते, आणि त्या सीमा आखणारा हात उमेदवारांच्या नेत्यांचा असू नये. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्चपूर्वीच्या, म्हणजे कायदा बदलण्याआधीच्या, रचनेवर निवडणुका जाहीर करायला सांगितले. तरी अनेक संस्थांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले, आणि ६ मे २०२५ रोजी न्यायालयाला चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला. मधल्या काळात, सप्टेंबर २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत, आयुक्तांची खुर्चीच रिकामी होती.

ज्या पहारेकऱ्याला घटनेने पुरेसे कवच दिले, तो काय करू शकतो याचे उदाहरण वैनगंगेवरच आहे. बालाघाटकडून येणारी ही नदी गोंदिया जिल्ह्याच्या कडेने तिरोड्याकडे, भंडाऱ्याकडे जाते आणि पवनीजवळ गोसीखुर्दला अडवली जाते. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज असलेल्या या प्रकल्पाचा खर्च २००८ पर्यंत सात हजार कोटींच्या पलीकडे गेला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी कंत्राटे, अंदाजपत्रके, पुनर्वसन यांवर बोट ठेवले तेव्हा सरकारला गप्प बसता आले नाही. महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखेच संसदेतूनच दूर करता येते. त्यांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित असतो, तो मतदानाला टाकून कापता येत नाही. कमतरता एवढीच की त्यांची निवड सरकार एकटेच करते.

निवड समितीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला; पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी शपथ घेतली मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षे लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नाही, म्हणून समिती पूर्ण होत नाही, हे कारण सांगण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारण फेटाळले, तरी आणखी दोन वर्षे गेली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या निकालात कोणत्याही विरोधी पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा २९ जागांचा टप्पा गाठता आला नाही आणि विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. माहिती अधिकार कायद्याने मात्र २००५ मध्येच याची तजवीज केली होती: मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता विरोधी पक्षनेता समजावा. एका स्पष्टीकरणाची ती ओळ. अशी ओळ प्रत्येक पहारेकरी संस्थेच्या कायद्यात असायला हवी.

कायदा असूनही तो मोडला जातो, हे अमेरिकेत दिसले. तिथे १९७८ च्या कायद्यापासून मोठ्या खात्यांत कारभार तपासणारा स्वतंत्र महानिरीक्षक असतो. त्याला काढायचे तर तीस दिवस आधी संसदेला कळवायचे, आणि २०२२ पासून सविस्तर कारणही द्यायचे. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुमारे सतरा महानिरीक्षकांना तसे न कळवता घरी पाठवले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ही कृती बेकायदा ठरवली, पण त्यांना पदावर परत बसवले नाही. म्हणून मला वाटते की नुसती पूर्वसूचनेची अट पुरत नाही. नियम मोडून काढलेला पहारेकरी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत पदावर राहील, हे कायद्यातच लिहिलेले असावे.

आपल्याकडे राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये उपोषण केले, त्यातून नव्या लोकायुक्त कायद्याचा मसुदा पुढे आला. नागपूर अधिवेशनात २८ डिसेंबर २०२२ रोजी विधानसभेने आणि वर्षभराने, १५ डिसेंबर २०२३ रोजी, विधान परिषदेने तो मंजूर केला. मग तो राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेला. मुख्यमंत्री प्रथमच कक्षेत आले, हे मोठे पाऊल. पण त्यांची चौकशी सुरू करायला विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशांची संमती लागेल. ज्याच्यामागे बहुमत आहे तोच मुख्यमंत्री असतो. मग ही संमती कधी मिळणार? अशी अट मान्य करता येत नाही, ती बदलायलाच हवी.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते, गोंदियाहून रेल्वेने साधारण १३० किलोमीटरवर. दवनीवाड्याच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी त्याआधी ठराव करावा, त्याची प्रत आपल्या आमदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. मागण्या थोडक्या असाव्यात: आयुक्त आणि लोकायुक्तांचे पद रिकामे होण्याआधी नेमणूक बंधनकारक करा, त्यांना स्वतंत्र तपास यंत्रणा द्या, निवड समितीत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला कायद्याने जागा द्या आणि मुख्यमंत्र्यांच्या चौकशीवरची दोन तृतीयांशांची अट काढा. ठराव मराठीत, एका पानावर लिहा, आणि आमदार काय म्हणाले ते पुढच्या, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सर्वांना वाचून दाखवा.